काडीला मुळं फुटवायची तर स्वयंपाकघरातलं काय घ्यावं, काय ठेवावं

मृग बरसला की सांगली-साताऱ्याकडे घरोघर काड्यांची देवाणघेवाण सुरू होते. शेजारच्या काकूंचा गावठी गुलाब, माहेरच्या अंगणातला मोगरा, कुणाच्या कुंपणावरची दुहेरी जास्वंद ओल्या फडक्यात गुंडाळून घरी येते आणि कुंडीत खोचली जाते. पंधरा दिवस सगळं बरं चाललेलं असतं. मग काडी बुंध्याशी काळी पडते. त्यानंतर सल्ले येतात: दालचिनी लावा, मधात बुडवा, बटाट्यात खोचा, साखरेचं पाणी द्या.

यातलं काही खरंच कामाचं आहे, काही निरुपयोगी आहे आणि काही काडीचा जीव घेणारं आहे. एवढ्या मायेनं आणलेली काडी चुकीच्या उपायानं जाऊ नये, म्हणून हे सगळं एकदा नीट सांगायचं आहे. मूळ काडी स्वतःच फुटवते. स्वयंपाकघरातल्या वस्तू दोन कामं करतात: मुळं येईपर्यंत काडीला कुजू देत नाहीत आणि आतल्या प्रक्रियेला थोडा हातभार लावतात. यापलीकडची अपेक्षा त्यांच्याकडून ठेवू नये.

काडीच्या आत काय चाललेलं असतं

आपल्या भागात हे समजून घ्यायला उसाचं कांडं पुरेसं आहे. कांडं हातात घेऊन डोळ्याजवळची गाठ निरखून पाहा. गाठीभोवती बारीक ठिपक्यांची एक-दोन ओळींची कडी दिसेल. हे ठिपके म्हणजे तयार बसलेली मुळं. ओल मिळाली की तीच बाहेर पडतात, म्हणून उसाच्या टिपरीला कुठलंही औषध लावलं नाही तरी ती रुजते. पुदिना, मनीप्लांट, पानाचा ओवा हीही अशीच सोपी मंडळी.

गुलाब, बोगनवेल, डाळिंब यांच्या काडीत अशी तयारी फारशी नसते. तिथं कापलेल्या जागी आधी पांढरट, रवाळ गाठीसारखा थर जमतो आणि मुळं त्याच्या आसपास नव्यानं घडतात. याला वेळ लागतो, आणि त्या वेळात बुरशी आत शिरते.

मुळं घडवण्याचा हुकूम सोडणारं द्रव्य म्हणजे ऑक्सिन हे संजीवक (झाडातलं हार्मोन). ते शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होतं आणि खाली उतरतं. काडी कापली की ते खालच्या टोकाशी साठतं आणि तिथं मुळं फुटतात. म्हणूनच उलटी खोचलेली काडी सहसा रुजत नाही. 1934 च्या सुमारास या द्रव्याची रासायनिक ओळख पटली आणि पुढच्याच वर्षी त्याच्या जवळचं आयबीए (इंडोल ब्युटिरिक आम्ल) हे द्रव्य मुळं फुटवण्यासाठी वापरता येतं हे कळलं. डाळिंबाची गुटी बांधताना जी पावडर लावतात, तिच्यात बहुधा हेच असतं. दुकानातल्या पुडीत त्याचं प्रमाण ठरलेलं असतं, घरातल्या वस्तूत ते मोजता येत नाही. अवघड झाडासाठी ती पुडी आणण्यात कमीपणा नाही. पण घरच्या बागेतल्या बहुतेक झाडांना तिची गरज पडत नाही.

काडी निवडणं

सगळ्यात जास्त लक्ष इथं द्या. चुकीच्या काडीला मध लावा नाहीतर हळद, ती जाणारच.

गुलाब, जास्वंद, मोगरा, तगर यांची काडी ना कोवळी ना जून, अशी मधली हवी. वाकवली तर लवचीकपणे वाकावी, जास्त दाबली तर कट्‌कन मोडावी. नुसतीच लोंबली तर कोवळी, अजिबात वाकली नाही तर जून. गुलाबाला सोपी खूण आहे: ज्या फांदीवरचं फूल नुकतंच गळून गेलंय, ती फांदी घ्यावी. फूल किंवा कळी असलेली काडी घेऊ नका, तिची सगळी ताकद फुलाकडे जाते. अंजीर, डाळिंब, द्राक्ष यांची मात्र पक्व, तपकिरी झालेली काडी चालते. छाटणीच्या दिवसांत बागाईतदारांकडे ती ढिगानं मिळते, फक्त रोगट बागेतली घेऊ नका.

कापायची वेळ सकाळची, ऊन चढायच्या आत. त्या वेळी काडीत पाणी भरलेलं असतं. जाडी साधारण पेन्सिलीएवढी, लांबी 15 ते 20 सेंटिमीटर, आणि तीन-चार डोळे असावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरचा काप वरच्या डोळ्याच्या एक सेंटिमीटर वर, सरळ. यामुळे कुठलं टोक खाली जायचं हेही विसरायला होत नाही. खालच्या अर्ध्या भागातली पानं काढा, वर दोन-तीन ठेवा, आणि मोठी असतील तर ती निम्मी कापा. पान पाणी उडवतं आणि पाणी ओढायला मूळ अजून आलेलं नाही, हा सगळा हिशोब आहे.

कात्री किंवा ब्लेडला धार हवी. बोथट कात्रीनं साल चेंगरते आणि कूज तिथूनच सुरू होते. कापण्याआधी पात्यावर उकळतं पाणी ओता. मी तर म्हणेन की काडी रुजवण्यासाठी स्वयंपाकघरातली सगळ्यात उपयोगी वस्तू उकळतं पाणीच आहे. पुढंही ते लागणार आहे.

माती आणि पाणी

कृष्णाकाठची काळी माती पिकाला सोनं आहे, काडीला नाही. ओली झाली की ती चिकटून बसते, आत हवा राहत नाही, आणि मूळ फुटायला ओलीइतकीच हवाही लागते. काड्या कुजण्याचं आपल्याकडचं मोठं कारण हेच आहे.

दोन भाग कोकोपीट आणि एक भाग धुतलेली जाडसर वाळू असं मिश्रण करा. कोकोपीटात क्षार असतात, म्हणून ते दोन-तीन पाण्यांतून पिळून काढा. क्रश सँड असेल तर तिची धूळ धुऊन जाईपर्यंत खळबळून घ्या, नाहीतर ती सिमेंटसारखी बसते. शेणखत, गांडूळखत, स्वयंपाकघरातलं कंपोस्ट यातलं काहीही या टप्प्यावर घालायचं नाही. मिश्रण भांड्यात भरून त्यावर उकळतं पाणी ओता, निथळू द्या, पूर्ण गार होऊ द्या. मग मूठभर घेऊन घट्ट दाबा. दोन-चार थेंब पडले तर वाफसा बरोबर. धार लागली तर अजून निथळू द्या.

पाण्याचंही पाहायला हवं. वाळवा, पलूस, मिरज भागात क्षारपड जमिनी मोठ्या आहेत आणि बऱ्याच ठिकाणी बोअरचं पाणी मचूळ लागतं. असं पाणी मोठं झाड सोसतं, बिनमुळाची काडी सोसत नाही. पावसाचं पाणी बादलीत धरून ठेवा. ते नसेल तर पिण्याचं पाणी वापरा. आरओ मशीनमधून जे टाकाऊ पाणी बाहेर पडतं, ते मात्र काडीला देऊ नका. मूळ पाण्यातले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात.

आता स्वयंपाकघरात

माझा पहिला भरवसा मोड आलेल्या मुगावर किंवा मटकीवर आहे. बी रुजताना त्यात संजीवकं तयार होत असतात, त्यातलं ऑक्सिन आपल्याला हवंय. मुळं फुटवणारी द्रव्यं तपासण्यासाठी वनस्पतिशास्त्रज्ञ मुगाचीच कोवळी रोपं वापरत आले आहेत.

एक मूठ मूग आठ-दहा तास भिजवा, उपसा, ओल्या फडक्यात बांधा. मोड अर्धा-एक सेंटिमीटर आले की पुरे. उसळीसाठी वाढवतो तेवढे लांब नकोत. दोन पाण्यांतून धुऊन पेलाभर पाण्यात ओबडधोबड वाटा आणि सुती फडक्यातून गाळा. त्यात तिप्पट पाणी मिसळा. काड्यांचा खालचा चार-पाच सेंटिमीटर भाग या पाण्यात तीन-चार तास बुडवून सावलीत ठेवा. चोथा फेकू नका, कंपोस्टात टाका, पण काडीच्या कुंडीत नको.

हे पाणी त्याच दिवशी संपवायचं. त्यात पीठूळ अंश आणि प्रथिनं असतात. पावसाळ्याच्या दमट हवेतही रात्रीतून ते आंबतं आणि फेस धरतं. आंबट वास आला की ते काडीला लावायचं नाही. काडी बाहेर काढली की साध्या पाण्यात एकदा बुचकळून घ्या, म्हणजे चिकट अंश मागं राहून बुरशीला खाऊ मिळणार नाही.

दुसरी वस्तू कोरफड. दारात नाही असं घर विरळा. खालचं जुनं, जाड पान कापा आणि कापलेली बाजू खाली करून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवा. त्यातून पिवळा, कडू चीक गळून जातो, तो आपल्याला नको. मग पान चिरून चमच्यानं गर काढा. काडीचं खालचं टोक त्यात घोळवून लगेच लावा. गर ओल धरतो, कापावर पातळ थर देतो आणि काही प्रमाणात जंतूंनाही अटकाव करतो. मोगरा, तुळस, शेवंती अशा नाजूक काड्यांना मी नुसती कोरफडच लावते. त्यांना तीन-चार तास कशात भिजवत ठेवणं मला पटत नाही.

मधाबद्दल फार गैरसमज आहे. तो मुळं फुटवणारं संजीवक नाही. तो जंतुनाशक आहे. घट्ट मधात पाणी इतकं कमी असतं की जंतू वाढत नाहीत, आणि पातळ केल्यावर त्यातल्या एका विकरामुळं (एन्झाइममुळं) थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. मध शुद्ध असेल तरच याचा उपयोग. साखरेचा पाक मिसळलेला मध म्हणजे बुरशीला जेवण. सातारकरांना तसा मध मिळवणं अवघड नाही. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 पासून मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं, आणि त्या डोंगरातला मध इकडे पूर्वीपासून येतो. उकळून गार केलेल्या दोन पेले पाण्यात एक चमचा मध ढवळा, काडीचं टोक त्यात दोन-तीन मिनिटं धरा, बस्स. घट्ट मध खालच्या टोकाला चोपडू नका.

दालचिनी आणि हळद एकाच कामाच्या: बुरशी रोखणं. पण त्या कुठं लावायच्या हे महत्त्वाचं आहे. दालचिनीची पूड काप कोरडा करते, म्हणून ती वरच्या कापावर, पानं काढलेल्या जागी आणि फार तर मातीच्या वरच्या थरावर चिमूटभर भुरभुरायची. जिथून मूळ यायचंय त्या खालच्या टोकाला तिचा जाड लेप दिलात तर मुळंच अडतील. मुळांवर तर ती कधीच टाकू नका. वरच्या कापाला मला हळदच जास्त आवडते. चिमूटभर हळदीत मधाचे दोन थेंब घालून घट्ट लेप करायचा आणि बोटानं लावायचा. वाळला की पापुद्रा धरतो, पावसाचं पाणी आत मुरत नाही. 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेली आपली सांगलीची हळद घरात असताना आणखी काय हवं! फक्त गिरणीतून दळून आणलेली शुद्ध हळद घ्या, रंग मिसळलेली नको.

शहाळ्याच्या पाण्याचं प्रकरण थोडं वेगळं आहे. 1941 साली धोत्र्याचे इवले भ्रूण प्रयोगशाळेत वाढवताना नारळाच्या पाण्याचा गुण शास्त्रज्ञांच्या लक्षात आला आणि तेव्हापासून ऊतिसंवर्धनात (टिश्यू कल्चरमध्ये) ते वापरतात. पण त्यात सायटोकायनिन हे दुसरं संजीवक भरपूर असतं आणि त्याचा ओढा फुटव्याकडे जास्त, मुळाकडे कमी. त्यामुळे काडीला त्याची मला फारशी गरज वाटत नाही. वापरायचंच तर ताजं शहाळं, तिप्पट पाणी आणि अर्धा तास, त्याहून जास्त नाही.

आणि आता जे नको ते. बटाट्यात गुलाबाची काडी खोचायचा प्रकार फार पसरलाय. बटाटा ओल धरतो हे खरं, पण मातीत तो आधी कुजतो आणि काडीलाही कुजवतो, नाहीतर स्वतःच कोंब काढून वाढतो. केळ्यात खोचायचंही तेच. साखर, गूळ, दूध यांनी बिनमुळाच्या काडीला काही पोचत नाही, फक्त बुरशी पोसली जाते. व्हिनेगर आणि लिंबाचा रस कापलेल्या जागेला भाजतो. आणि सगळं एकत्र कालवून लावू नका, त्यानं फायदा वाढत नाही.

क्रम असा ठेवा: गुलाब, जास्वंद, बोगनवेल, डाळिंब यांची काडी मुगाच्या पाण्यात भिजवा, साध्या पाण्यात बुचकळा, टोक कोरफडीत घोळवा, लावा आणि वरच्या कापाला हळद-मध लावा. मुगाचं पाणी केलं नसेल तर त्याऐवजी मधाच्या पाण्यात टोक धरा. चाफा, निवडुंग अशा चिकाळ आणि मांसल झाडांना यातलं काहीच नको. त्यांची फांदी कापून सावलीत पाच-सात दिवस उभी ठेवा, चीक वाळून काप कोरडा झाला की मग लावा.

लावणी

काडी थेट मातीत खुपसू नका. कोरफडीचा थर आणि साल दोन्ही खरवडून निघतात. पेन्सिलीनं आधी भोक पाडा, काडी अलगद सोडा, दोन डोळे मातीखाली जाऊ द्या आणि बोटांनी बाजूची माती दाबा.

भांडं म्हणून पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास घ्या. तळाशी चार भोकं पाडा आणि तो ग्लास स्टीलच्या किंवा कागदाच्या दुसऱ्या ग्लासात बसवा. मुळांना अंधार मिळतो आणि तुम्हाला हवं तेव्हा आतला ग्लास उचलून मूळ दिसतं का ते पाहता येतं. मूळ आलं का बघायला काडी उपटण्याची सवय कितीतरी काड्यांचा घात करते. नुकतं आलेलं मूळ काचेच्या तारेसारखं असतं, जरा हललं की तुटतं.

वरून पाण्याच्या बाटलीचा तळ कापून ती टोपीसारखी घाला. आत दमटपणा टिकतो. रोज सकाळी बूच दहा मिनिटं काढून हवा खेळू द्या. आतून थेंब सतत गळत असतील तर बूच काढूनच ठेवा. जागा उजेडाची हवी, पण थेट उन्हाची नको. बाटलीखाली ऊन आलं की काडी अक्षरशः शिजते. वाई-महाबळेश्वरकडे पावसाची झड थांबत नाही, तिथं ग्लास पडवीतच ठेवा. जत, आटपाडी, माणकडे वारा कोरडा असतो, तिथं बाटली काढायची घाई करू नका.

वाट पाहण्याचे दिवस

पाणी रोज घालायचं नाही. वरचा पेरभर थर कोरडा लागला तरच फवाऱ्यानं द्या. घरातली मोठी माणसं प्रेमानं येताजाता तांब्याभर पाणी ओततात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

पुदिन्याला आठ-दहा दिवसांत मुळं दिसतात, तुळशीला साधारण दोन आठवडे. जास्वंदीला तीन ते पाच आठवडे, गुलाबाला आणि मोगऱ्याला चार ते सहा, बोगनवेलीला त्याहूनही जास्त. गुलाबाच्या काडीवर दहा-बारा दिवसांत लालसर कोंब आला की घरात आनंदीआनंद होतो आणि तिला लगेच उन्हात हलवलं जातं. हे करू नका. तो कोंब काडीतल्या साठवलेल्या अन्नावर आलेला असतो. खाली मूळ नसेल तर आठवड्याभरात तो मान टाकतो. ग्लासाच्या कडेला पांढऱ्या तारा दिसल्या, त्यांना फाटे फुटले, की मगच मुळं आली म्हणायची.

एखादी काडी बुंध्याकडून काळी पडत गेली तर ती लगेच बाजूला काढा, ग्लास धुऊन उकळत्या पाण्यानं निर्जंतुक करा. पिवळं पडून गळलेलं पान मातीवर राहू देऊ नका.

एक गोष्ट मनापासून सांगते. एकाच झाडाच्या, एकाच दिवशी कापलेल्या दहा काड्या असतील तर पाचांना काहीच न लावता लावा आणि त्यांच्यावर खूण करा. बाकी माती, पाणी, जागा सगळं सारखं. तुमच्या घरच्या झाडाला, तुमच्या पाण्यात, मूग-कोरफडीचा खरंच किती फरक पडतो हे तुम्हाला तिथं दिसेल. माझ्यासकट कुणाच्याही सांगण्यापेक्षा ते जास्त खात्रीचं.

मुळं आल्यावरचं खाणं

मुळांना फाटे फुटले की बाटलीची टोपी चार-पाच दिवस रोज थोडी थोडी जास्त वेळ काढून ठेवा, मग रोप छोट्या कुंडीत हलवा. आता मातीत चाळलेलं गांडूळखत चालेल, पण चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

स्वयंपाकघरातल्या खतांची वेळ इथून पुढची. तांदळाचं धुवण ताजं असेल तर आठवड्यातून एकदा दुप्पट पाण्यात घालून द्या, उरलेलं साठवू नका. ताक अगदी पातळ, एक वाटी ताकाला दहा वाट्या पाणी, असं कधीतरी पानांवर फवारलं तर भुरीला (पानांवरच्या पांढऱ्या बुरशीला) थोडा आळा बसतो. चहाचा चोथा दूध-साखर धुऊन, वाळवून, कंपोस्टात कुजवल्यावरच. केळीच्या सालीत पालाश (पोटॅश) असतं, पण नुसत्या पाण्यात भिजवून ते फार उतरत नाही, साल बारीक चिरून कंपोस्टात टाकलेली बरी.

चुलीची राख आणि अंड्याची टरफलं यांचा मोह मात्र आवरा. या गोष्टी आम्लधर्मी जमिनीला मानवतात. महाबळेश्वर, पाटणच्या लाल मातीत त्या थोड्या चालतील. सांगली, मिरज, तासगावच्या काळ्या जमिनीत चुनखडी आधीच भरपूर आहे. त्यात राख पडली की लोह झाडाला मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मोगऱ्यावर आणि गुलाबावर हे चटकन दिसतं.

राहिला कढीपत्ता, कारण त्याच्याबद्दल हमखास विचारतात. त्याची काडी रुजवण्यात वेळ घालवू नका, ती फार हट्टी असते. जुन्या झाडाभोवती मुळांवरून फुटलेली पिल्लं पाहा. पावसाचे पहिले दोन जोर झाले की वीतभर पिल्लाच्या बाजूची माती उकरा, मोठ्या मुळाशी जोडलेला भाग धारदार चाकूनं तोडा, मोठ्या झाडाच्या जखमेवर हळदीचा लेप द्या आणि पिल्लू स्वतःच्या तंतुमुळांसकट, मातीच्या गोळ्यासह कुंडीत हलवा. वरची निम्मी पानं छाटून आठ दिवस सावलीत ठेवलं की ते बसतं. पिकलेली काळी फळं मिळाली तर गर धुऊन बिया त्याच आठवड्यात पेरा, वाळवून ठेवल्या तर उगवत नाहीत.